खळ्याखालचा उतार आणि बारा महिन्यांचा रंग

पत्र: आम्ही दोघं निवृत्त होऊन गेल्या वर्षी कल्याणहून लांज्याजवळच्या गावी कायमचे राहायला आलो. खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, कडेपासून खालच्या रस्त्यापर्यंत उताराचा एक पट्टा आहे. लांबी साठ फूट, खळ्यापासून रस्त्यापर्यंत चौदा फूट, आणि तेवढ्यात जमीन पाच फूट खाली जाते. एका टोकाला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आहे. तोंड पश्चिमेला. गेल्या मे महिन्यात सगळं गवत काढून, लाल माती टाकून झेंडू, पिटुनिया आणि थोडी हिरवळ लावली. जुलैत दोनच दिवस जोराचा पाऊस झाला आणि माती रोपांसकट रस्त्यावर आली. आता एक जण म्हणतो, सिमेंटची भिंत घाला. नर्सरीवाला पिवळ्या फुलांची पसरणारी वेल फुकट द्यायला तयार आहे, ‘महिन्याभरात उतार झाकून टाकते’ म्हणाला. विहिरीला मार्चपासून पाणी जेमतेम. यजमानांचे गुडघे दुखतात. मला फक्त एवढंच हवंय की गणपतीला, दिवाळीला, शिमग्याला आणि मेमध्ये मुलं-नातवंडं येतात तेव्हा वर बघितल्यावर रंग दिसावा. कासच्या पठारावर असतात तशी रानफुलं इथे लावता येतील का?

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रात मापं दिलीत ते फार बरं झालं. चौदा फुटांत पाच फूट हा चांगलाच उभा उतार आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा उतारावरचं गवत मुळासकट काढून वर मोकळी माती पसरली की पाऊस तिला ठेवत नाही. त्यात तुमच्या रोपांचा दोष नव्हता. झेंडूची मुळं मे-जूनमध्ये अजून वीतभर खालीही गेलेली नव्हती, आणि पिटुनिया तर आपल्याकडे थंडीतलं फूल.

म्हणून या वर्षी रंगाचा विचार दुसरा, पाण्याचा पहिला. तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही, पण माझी खात्री आहे की नुकसानाचं मोठं कारण तीच असणार: घराच्या पागोळ्या. हजार चौरस फुटांच्या छपरावर दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत तो कितीदा पडतो हे तुम्हाला सांगायला नको, तर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी खळ्यात उतरतं. खळं सारवलेलं किंवा फरशीचं असेल तर त्यातलं फारसं मुरत नाही. ते सगळं पश्चिमेच्या कडेवरून तुमच्या फुलझाडांच्या डोक्यावर ओतलं जातं. उतारावर पडणाऱ्या पावसाला झाडं तोंड देतील. छपराचं हे पाणी मात्र वेगळं काढलंच पाहिजे.

त्यासाठी खळ्याच्या कडेला, उतार सुरू होण्याच्या आत, फूटभर रुंद आणि वीतभर खोल चर काढून घ्या. त्याला पाखाडीच्या बाजूला अगदी हलका ढाळ द्या. शंभर फुटांत एक फूट, म्हणजे तुमच्या साठ फुटांत सात-आठ इंच पुरेत. जास्त दिलात तर पाणी धावेल आणि चरच खरवडून काढेल. टोकाला जिथे पाणी खाली उतरेल तिथे मोठे दगड बसवा, म्हणजे ते आपटून शांत होईल आणि गटारात जाईल. हे काम आत्ता, एप्रिलमध्ये करून घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात गावात माणूस मिळत नाही, सगळे आंब्यात आणि शाकारणीत अडकलेले असतात.

आता भिंतीचं. सिमेंटची अखंड भिंत घालू नका. तिच्यामागे मातीत पाणी साठतं, त्याचा दाब येतो, आणि पाणी जायला भोकं ठेवलेली नसतील तर दोन-चार पावसाळ्यांत भिंत पोट काढते. आपल्या जुन्या माणसांचा गडगा, म्हणजे सिमेंटशिवाय नुसते दगड रचून केलेला बांध, इथे जास्त शहाणा आहे, कारण तो पाणी अडवत नाही, माती अडवतो. एका उंच गडग्याऐवजी दीड-दीड फुटाचे दोन घाला. पाच फुटांतले तीन फूट त्यांनी खाल्ले. उरलेले दोन फूट तीन पट्ट्यांत वाटले गेले की प्रत्येक पट्ट्याला आठेक इंचांचा ढाळ राहतो, आणि तेवढ्यावर झाडं सुखाने उभी राहतात. खालचा थर जमिनीत अर्धा पुरा. प्रत्येक सहा इंच उंचीला गडगा इंचभर डोंगराच्या बाजूला कलता ठेवा. मागे दगडाची खपली, चिऱ्याचे, म्हणजे घडीव जांभ्या दगडाचे, तुकडे भरा, मग माती. एवढ्या उंचीचा गडगा गावातला कोणीही जाणता माणूस दोन दिवसांत रचून देईल. तीन फुटांच्या वर जायचं असतं तर मात्र गवंडीच लागला असता.

गडग्याची रेषा डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून समपातळी काढा, खुंट्या मारा, दोरी ताणा. डोळ्यांना सरळ वाटणारी रेषा एका बाजूला चार-सहा इंच उतरलेली असते आणि पावसाचं पाणी नेमकं तिथूनच वाट काढतं. रेषा थोडी वाकडी आली तर येऊ दे, उलट दिसायला छानच दिसते.

आणि यजमानांच्या गुडघ्यांसाठी: गडगा रचतानाच प्रत्येक पट्ट्यात दर सात-आठ फुटांवर एकेक सपाट चिरा पाऊल ठेवायला बसवून घ्या, पाखाडीवरून आत शिरायला दोन रुंद पायऱ्या ठेवा. उतारावरची बाग हात पोचत नाही म्हणून मरते. जिथे उभं राहून खुरपं चालवता येत नाही तिथे दुसऱ्या वर्षी रानच माजतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, घाबरवण्यासाठी नाही. आपल्याकडच्या जांभ्या दगडांच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो. गडग्याच्या भोकात उघडा हात कधी घालायचा नाही, पालापाचोळा काढायचा तर आधी काठीने हलवायचा, पायांत गमबूट हवेत. पाखाडीच्या लगतचा फूटभर भाग मोकळा ठेवा आणि संध्याकाळी बॅटरीशिवाय उतरू नका. नातवंडांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

माती बाहेरून आणायची नाही. उरलेलं गवत उपटायचंही नाही, विळ्याने कापायचं. जिथे झाड लावायचं तेवढाच दीड फुटाचा खड्डा काढा, त्यात एक घमेलं शेणखत तीच माती मिसळून भरा, आणि खड्ड्याच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती वरंबा करा. शेणखत वर पसरलंत तर पहिल्या पावसात रस्त्यावर जाईल. जूनमध्ये रासायनिक खताचंही तेच होतं. खताचा दुसरा हप्ता सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरल्यावर.

दोन्ही गडग्यांच्या वरच्या काठाला वाळ्याचे ठोंब सहा-सहा इंचांवर ओळीने लावा. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली दोन मीटर आणि त्याहून खोल जातात. त्यामुळे शेजारच्या फुलझाडांशी त्यांचं फारसं भांडण होत नाही. पाती दीड फुटावर छाटत राहा. डोळ्यांत भरणारी फुलं नाहीत त्याला, पण साऱ्या बागेला तो हिरवी किनार देईल आणि माती धरेल. पहिल्या पावसाळ्यात मोकळ्या जमिनीवर नारळाच्या झावळा आडव्या टाकून बांबूच्या खुंट्यांनी ठोकून घ्या. काथ्याची जाळी मिळाली तर उत्तम, पण झावळांनी भागतं.

आता झाडं. नेहमीचा नियम असतो की उंच झाडं मागे, बुटकी पुढे. उतारावर तो विसरा. खालून रस्त्यावरून बघताना जमीनच पायरीपायरीने वर जाते, त्यामुळे मागचं आपोआप दिसतं. इथे जागा ठरते ओलाव्यावर. वरचा पट्टा डिसेंबरातच कोरडा पडतो, मधला फेब्रुवारीपर्यंत तग धरतो, खालच्यात ओल सगळ्यात उशिरापर्यंत राहते. तुमच्याकडे मार्चपासून पाणी नाही. म्हणजे वरच्या पट्ट्यात फक्त तीच झाडं, ज्यांना उन्हाळ्यात पाणी दिलं नाही तरी चालतं.

तिथे माझी पहिली पसंती धायटीला. डोंगराच्या कापलेल्या कडांवर, कोणी न लावता उगवलेली तुम्ही पाहिली असेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांदीभर लाल नळीसारखी फुलं येतात, मधासाठी सूर्यपक्षी दिवसभर येतात, मुळं माती घट्ट धरतात. नर्सऱ्या ही ठेवत नाहीत हे आश्चर्यच आहे. वन विभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. पाच-सहा फुटांवर एक अशी चारच लावा, मोठी होते. त्यांच्या मधे कोरांटी: पिवळी, जांभळी, पांढरी. एकेक रंग सलग आठ-दहा रोपांचा गट करून. पाऊस सरता सरता ती फुलू लागते आणि दिवाळी पार करून थंडीत जाते. फुलून झाली की अर्ध्यावर छाटायची. पिवळीला काटे असतात, त्यामुळे मोकाट गुरंही जपून राहतात. भात कापून झाल्यावर गावभर गुरं सुटतात हे तुम्ही विसरला असाल, गुरं तुम्हाला विसरणार नाहीत.

पाखाडीच्या विरुद्ध टोकाला एक बोगनवेल, गडग्यावरून खाली लोंबू द्यायची. पावसाळ्यात ती नुसती पानं काढते. ऑक्टोबरात छाटा आणि मग पाणी तोडा. कोरड पडल्याशिवाय ती रंग दाखवत नाही, म्हणजे तुमची कोरडी विहीर तिच्या पथ्यावरच. एकच लावा. तीन रंगांच्या तीन लावल्या की बाकी काही दिसत नाही आणि छाटता छाटता हात सोलून निघतात.

मधल्या पट्ट्यात इक्झोरा घ्या. आपली जांभ्याची आंबट माती त्याला मानवते. चुनखडीच्या जमिनीत पिवळा पडणारा हाच इक्झोरा कोकणात गर्द हिरवा राहतो. लाल आणि केशरी, तीन फुटांवर एक. उन्हाळ्यात भरतो आणि पावसातही झुबके धरून असतो. जून-जुलैत बाकी सगळं पानांवर असतं तेव्हा त्याचाच आधार. पुढे सदाफुली. एरवी पावसाळ्यात पाणी साचून तिची मुळं कुजतात, उतारावर पाणी थांबतच नाही म्हणून ती टिकते. गुरं आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. अबोली हवी असेल तर दुपारची सावली पडते अशा कोपऱ्यात. पश्चिमेच्या उन्हात पाण्याशिवाय ती होरपळेल.

जास्वंदीचं काय, असं तुम्ही विचारणारच. देवासाठी दोन झाडं पाखाडीजवळ, हाताशी लावा. उतारावर रांग नको. वानरं कळ्या ठेवत नाहीत आणि कोरड्या महिन्यांत पिठ्या ढेकूण येतो. मग चढून फवारणार कोण?

खालचा पट्टा हा गणपतीचा. तिथे कर्दळ, गुलबक्षी, आणि रस्त्याच्या कडेला, जिथे पाणी सगळ्यात शेवटी झिरपतं, तिथे सोनटक्का. त्याचा वास पाखाडीवरून चढताना येईल. या तिघांचे कंद-गड्डे मुरलेले राहतात, पावसाबरोबर वर येतात. रानडुकरांचा त्रास असेल तर कर्दळीच्या गड्ड्यांवर चपटे दगड ठेवा. गुलाबी लिलीचे कांदे गडग्याच्या पायाशी खुपसून ठेवा, पहिल्या सरींबरोबर फुलतील.

आणि सगळ्या मोकळ्या जागेत तेरडा. म्हणीने त्याचं नाव उगाच खराब केलंय. एक फूल टिकत नसेल, झाड मात्र ऑगस्ट-सप्टेंबर भरून फुलतं, आणि ज्यांच्याकडे तेरड्याची गौर बसते त्यांना ते विकत आणावं लागत नाही. मेअखेर बी नुसतं भिरकावून द्या, पाऊस पुढचं बघेल. एकदा लावल्यावर शेंगा फुटून तो स्वतःच पेरला जातो. दुसऱ्या वर्षापासून तुम्हाला विरळणीच करावी लागेल.

झेंडू सोडू नका, फक्त वेळ बदला. पेरल्यापासून फूल यायला साधारण दोन महिने लागतात. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात ओसरीवर ट्रेमध्ये बी टाका, रोपं ऑगस्टअखेर गणपतीच्या आसपास उतारावर, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात लावा. तोवर पावसाचा जोर उतरू लागलेला असतो. दसऱ्याला सुरुवात होईल, दिवाळीला भर असेल. शेवंतीला आपला पाऊस अजिबात सोसत नाही. ती कुंड्यांत पडवीतच वाढवा, जुलै-ऑगस्टमध्ये शेंडे खुडा, आणि पाऊस गेल्यावर कुंडीसकट गडग्याच्या काठावर मांडा. दिवस लहान झाले की तिला कळ्या येतात, आणि डिसेंबर-जानेवारीचा ओकाबोका काळ तीच भरून काढते.

मेसाठी मधल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना एकेक चाफा. फांदी तोडून आठवडाभर सावलीत सुकवून रोवली की लागते. निष्पर्ण फांद्यांवर फुलं येतात, एकदा रुजल्यावर पाणी लागत नाही. पाखाडीच्या पहिल्या पायरीपाशी मोगरा. त्याला पाणी लागतं, पण भांडी धुतलेलं पाणी त्याच्यापुरतं पुरेल. साबण जास्त नसावा एवढं बघा. कण्हेर आणि बिट्टी या दोन्ही झाडांना उन्हाळ्याचं काही वाटत नाही, फुलंही भरपूर येतात, पण दोन्ही विषारी. कळलावीही तशीच. नातवंडं लहान असतील तर तिन्ही नकोत.

फुलं नसतात त्या आठवड्यांसाठी दोन-तीन क्रोटन आणि जांभळ्या पानांचा ऱ्हिओ. ऱ्हिओ गडग्याच्या फटींत मूठभर मातीवर जगतो. क्रोटनची रांग मात्र लावू नका, सरकारी विश्रामगृह दिसायला लागतं. आणि नर्सरीत गेल्यावर प्रत्येकाचं एकेक रोप उचलण्याचा मोह आवरा. खालून, रस्त्यावरून, एकटं रोप दिसतच नाही. दिसतात ते गट.

ती फुकटची पिवळी वेल घेऊ नका. वर्णनावरून ती वेडेलिया आहे. महिन्याभरात उतार झाकते हे अगदी खरं, पण तिथे थांबत नाही. प्रत्येक पेरावर मूळ धरते, गडगा ओलांडते, व्हाळात उतरते, आणि खाली तेरड्यालाही जागा ठेवत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या सजीवांची जी यादी निसर्गसंवर्धनवाल्यांनी केली आहे, तिच्यात तिचं नाव आहे. त्याच यादीत घाणेरी आणि रानमोडीही आहेत. त्या दोघींनी आपल्या डोंगरांचं काय केलंय ते तुम्ही लांज्याला जाता-येता बघताच.

कासच्या फुलांचं उत्तरही नाहीच. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरवर, कातळावरच्या बोटभर मातीत, पावसाळाभर पाण्यात उभं राहणारी ती झाडं आहेत. खोल खड्डा, शेणखत आणि उतार यांत ती जगत नाहीत, आणि तिथून काही उपटून आणणं योग्यही नाही. त्यापेक्षा सप्टेंबरात जवळचा एखादा सडा, म्हणजे कातळाचं पठार, बघून या, आपल्या कातळावरही निळी-पांढरी गालिच्यासारखी फुलं येतात. बागेत लावायचंच तर पेव किंवा रानहळद शेजाऱ्याच्या परड्यातून मागून आणा. खालच्या पट्ट्यात सहज रुजेल.

पाण्याचा हिशेब असा. पहिल्या उन्हाळ्यात इक्झोरा, चाफा आणि धायटी या नव्या झाडांना आठवड्यातून दोनदा दोन-तीन लिटर द्यावंच लागेल. दुसऱ्या वर्षी धायटी-चाफ्याचं बंद. ठिबक बसवलंत तर नळ्या समपातळीवर आडव्या टाका. उभ्या टाकल्या की खालच्या झाडांना जास्त आणि वरच्यांना काहीच नाही असं होतं. नाहीतर प्रत्येक इक्झोऱ्याच्या वरच्या अंगाला एक कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि ते भरत राहा. खळ्यावरून बादलीने ओतलेलं पाणी उतारावरून वाहूनच जातं.

जानेवारीपासून झावळांचं आच्छादन रस्त्याच्या कडेच्या तीन फुटांतून काढून घ्या. वाळलेलं गवत आणि झावळा असताना कोणीतरी विडी टाकतो आणि वणवा गडगा चढून खळ्यापर्यंत येतो.

या वर्षी गणपतीला तुम्हाला तेरडा, गुलबक्षी आणि थोडी कर्दळ दिसेल, दिवाळीला झेंडू. शिमगा कोराच जाईल, धायटीला फुलायला दोन-तीन वर्षं द्या. मुलांना तसं आधीच सांगून टाका, म्हणजे मेमध्ये ‘एवढ्या खर्चात एवढंच?’ असं कोणी म्हणणार नाही. वाळ्याचे ठोंब मात्र आत्ताच सांगून ठेवा. साठ फुटांच्या दोन ओळी, सहा इंचांवर एक, म्हणजे अडीचशेच्या आसपास लागतील, आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवसांत ते सगळे लावून व्हायला हवेत.